निळ्या गाडीचे मूळ ब्रेक

जुनी गाडी तपासायला गेलो की मी आधी मालकाशी हात मिळवत नाही. बॉनेटवर तळहात ठेवतो. बॉनेट कोमट लागलं, तर मी यायच्या आधी त्याने इंजिन चालवून ठेवलेलं असतं, म्हणजे थंडीत ते सुरू व्हायला रडतं हे त्याला ठाऊक असतं. थंडगार लागलं तर मी वळतो, हसतो, आणि मग हात पुढे करतो. ही सवय इतकी मुरली आहे की बायकोला ताप आला आणि मी कपाळाला हात लावला की ती म्हणते, "काय, आधीच चालवून ठेवलंय का मला?"

माझा धंदा थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये जुन्या गाड्या पाळणारे लोक फार. असली गाडी घेण्याआधी ते माझ्यासारख्याला बोलावतात. स्थळ बघायला जाण्याआधी गावात गुपचूप जाऊन चौकशी करून येणारा एखादा मामा असतो ना, तो मी. गाडीखाली झोपतो, गालिचा उचलून वास घेतो, चुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवतो. चुंबक जिथे धरत नाही तिथे पत्रा नसतो, रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते. मग गाडी चालवतो आणि शेवटी सांगतो, घ्या किंवा घेऊ नका.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका लहान गावचा. वडील बस डेपोत हेल्पर होते. नगर परिषदेच्या शाळेतून निघून इंजिनिअर होणारा मी आमच्या घरातला पहिला. शिष्यवृत्ती आणि वसतिगृह नसतं तर मीही त्याच डेपोत बोल्ट आवळत बसलो असतो. ती दोन्ही ज्यांच्यामुळे मिळाली त्यांचा फोटो मिल्टन कीन्सच्या माझ्या घरात आहे आणि सकाळी कामाला निघताना मी त्याच्यासमोर क्षणभर थांबतो. इथे आलो सॉफ्टवेअरवाल्या बायकोच्या व्हिसावर. या शहरात चौकापेक्षा गोल चक्करच जास्त, आणि गाडीवाचून पान हलत नाही. आधी एका गॅरेजमध्ये लागलो, मग हे काम हाती आलं, आणि मी हरखून गेलो. आजही सकाळी नवी गाडी बघायला निघालो की सहलीला निघालेल्या पोरासारखं मला नाश्त्याचं भान राहत नाही.

आपल्या लोकांची गाडी बघायला गेलो की मात्र एक अडचण हमखास येते. आपल्या गावच्या बाजारात सामानाच्या दोनच जाती: ओरिजिनल आणि डुप्लिकेट. ओरिजिनल म्हणजे कंपनीचं, डुप्लिकेट म्हणजे फसवणूक. हे गणित घेऊन माणूस जुन्या गाडीकडे आला की बघायलाच नको. लंडनच्या हॅरो भागातले एक गृहस्थ गाडी बघताना पुण्यातल्या चुलतभावाला फोनवर घेऊन उभे होते. मी म्हणालो, रेडिएटर नवा बसवलेला आहे. फोनमधून लगेच आवाज आला, "अरे, डुप्लिकेट आहे, निघ तिथून!" आणि पाठोपाठ, "बरं, निघण्याआधी विचारून ठेव, ॲव्हरेज किती देते?"

मी समजावतो की अर्धशतक चाललेल्या गाडीत काहीतरी बदललेलं असणारच. प्रश्न आहे तो काय बदललं, कुणी बदललं आणि उघड बदललं की लपवून. एका गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, घड्याळ, ॲश ट्रेसुद्धा मूळ कारखान्यातलीच होती. गालिच्याखाली हात घातला तर सांगाड्यावर आडवी वेल्डिंगची शीर लागली. ठोकलेल्या गाडीचा पुढचा अर्धा आणि दुसरीचा मागचा अर्धा जोडून एक केली होती. ती घ्यायला निघालेल्या माणसाला मी गाडीपासून दूर नेऊन सांगितलं. तो बिचारा लॉटरी लागल्याचे पेढे घेऊन आला होता. पेढे त्याने मलाच दिले.

पण आज मला सांगायचं आहे ते कुसुमताईंच्या गाडीचं.

फोन त्यांच्या मुलाचा आला. राहुल, हॅरोला राहणारा, लंडनमध्ये फायनान्समध्ये. जन्म इथलाच. "काका, मम्मीला एक मसल कार घ्यायचा आहे. ती सिक्स्टी-नाइन आहे! म्हणजे मम्मी. तुम्ही एक्स्पर्ट आहात, तुम्ही तिला नाही म्हणा ना."

"गाडी बघायच्या आधी नाही कसं म्हणू?"

"ओके, मग बघा. मॅचिंग नंबर्स असला तर ठीक आहे, इन्व्हेस्टमेंट होईल. नसला तर प्लीज नाही म्हणा. तिने प्रॉमिस केला आहे, इन्स्पेक्टर जे बोलेल ते ती ऐकेल."

म्हणजे माझ्या एका शब्दावर सगळं आलं. मसल कार म्हणजे काय ते सांगतो: मध्यम आकाराच्या दोनदारी गाडीत ट्रकला शोभेल असं आठ सिलिंडरचं इंजिन कोंबायचं, ही अमेरिकेची एके काळची हौस. आणि मॅचिंग नंबर्स म्हणजे चासीचा, म्हणजे सांगाड्याचा, नंबर इंजिनावर आणि गिअरबॉक्सवरही कोरलेला असणं, म्हणजे जन्मापासूनचा जोडा मोडलेला नाही असं मानायचं. किंमत त्यावर ठरते. गाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिचे भक्त फार कडवे असतात.

कुसुमताई मूळच्या भंडाऱ्याकडच्या. एडिनबरातल्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरच्या नर्स होत्या, निवृत्त झालेल्या. पहिली गाडी आमच्या मिल्टन कीन्सलाच एका विक्रेत्याकडे होती म्हणून राहुल त्यांना घेऊन आला. लहानखुरी बाई, पांढरे केस कापलेले, अंगात जाड कोट. मला बघून हात जोडले. "जय भीम, भाऊ."

"जय भीम, ताई. एवढी मोठी गाडी काहून घेता जी?"

माझ्या तोंडून वऱ्हाडी निघालं तशा त्या खुलल्या. "तुम्ही तर आपल्याकडचेच निघाले! सांगते ना. तीस वर्षं हळू आवाजाची गाडी चालवली. वॉर्डात हळू बोलायचं, शेजारी झोपलेत म्हणून हळू दार लावायचं, गावाकडे तर विचारूच नका, आमच्या मायने आवाज खाली ठेवूनच जन्म काढला. आता मला एक आवाजाची गाडी पाहिजे."

राहुल म्हणाला, "मम्मी, स्पीकर घेऊ आपण मोठा."

"तू स्पीकर घे. मी गाडी घेते."

ती गाडी म्हणजे सोनं होतं. एकेक नंबर जुळत होता. बॉनेट थंड, चुंबक सगळीकडे घट्ट. राहुलच्या डोळ्यांत चमक आली. मी म्हणालो, "ताई, बसून बघा." त्या बसल्या. डाव्या पायाने क्लच दाबायला गेल्या. क्लच अर्ध्यावर थांबला. त्यांनी सीटला पाठ लावून पुन्हा जोर केला. पाय थरथरायला लागला. दोन्ही गुडघे बदललेले होते, शस्त्रक्रिया त्यांच्याच इस्पितळात, त्यांच्याच मैत्रिणींच्या हातची. अशा गाडीचा क्लच तरण्या माणसालाही घाम फोडतो.

"जुना सायकल पंप आहे का हो हा?" त्या हसत म्हणाल्या, पण उतरताना दाराला धरून क्षणभर उभ्या राहिल्या.  राहुल मात्र मला हळूच म्हणाला, "गुड. आता सोडून देईल ती." मला त्याचा राग नाही आला. आईची काळजी होती ती.

सोडतील कशा. महिन्याभरात त्यांचाच फोन. "भाऊ, इकडेच सापडली. एडिनबरापासून तासाभरावर. निळी आहे."

मी गेलो. स्टेशनवरून त्या मला आधी घरी घेऊन गेल्या, गोळाभात वाढला, वर फोडणीचं तेल ओतलं आणि म्हणाल्या, "पोटभर जेवा, नाही म्हणायलाही ताकद लागते."

टेकड्यांच्या कुशीतल्या एका शेतघरात डंकन नावाचा निवृत्त वेल्डर राहत होता. हात फावड्याएवढे, बोलणं कमी. गाडी गोठ्यात उभी. मी बॉनेटला हात लावला. बर्फ. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली; त्यालाही ती खूण ठाऊक होती.

"आधीच सांगतो," तो म्हणाला, "इंजिन दुसऱ्या गाडीचं, मोठं. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक बसवला, आधी हाताचा होता. पॉवर स्टिअरिंग मी घातलं. सीट नव्या, पट्टे नवे. रंगही मीच दिला, आधी ती चहासारखी होती."

मी तपासत गेलो आणि जे जे त्याने सांगितलं ते ते तसंच निघालं. त्याहून आनंदाची गोष्ट म्हणजे सांगाडा अखंड. वेल्डिंग जिथे होतं तिथे ते इतकं सुंदर की मी गाडीखाली झोपल्या झोपल्या त्यावरून बोट फिरवत राहिलो. मी हे काम शिकलो तेव्हा इथल्या सरकारी नियमात बदललेल्या गाडीला गुण देत असत. सर्वांत जास्त गुण सांगाड्याला. इंजिनाला किती? एक. प्रदर्शनात ज्या इंजिनाच्या नंबरावरून लोक एकमेकांशी बोलणं सोडतात, त्याला सरकार एक गुण द्यायचं. मला तो नियम फार आवडायचा.

गाडीखालून बाहेर आलो तर कुसुमताई स्टिअरिंगवर बसलेल्या. क्लचच नव्हता. डावा पाय मोकळा पसरला होता, आणि एका बोटाने स्टिअरिंग फिरवत त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या.

"भाऊ, हिचं काही ओरिजिनल नाही म्हणतो हा. माझे गुडघे तरी कुठे आहेत? आणि रंग बघा. रंग तर आपलाच आहे."

राहुल फोनवर होता. मी स्पीकर लावला. "काका, नंबर्स?"

"जुळत नाहीत."

"मग नाही बोला ना. सिंपल आहे."

सोपं होतं खरं. 'मूळ नाही, शिफारस नाही' एवढं लिहिलं की माझ्यावर उद्या कुणी बोट ठेवलं नसतं. पण मला तो शब्दच कधी सरळ वाटला नाही. इथले लोक विचारतात, तुम्ही ओरिजिनली कुठले? आपले लोक आडनावावरून अंदाज येईना की विचारतात, मूळचे कुठले? दोघांनाही उत्तर गावाचं नको असतं. माणूस आता काय आहे, कुठवर आला, हे विचारायचं सोडून आधी शिक्का शोधायचा. ज्या गाडीतलं जवळजवळ सगळं बदललेलं होतं तीच गाडी या बाईला चालवता येणार होती. मी राहुलला म्हटलं, "चालवून बघतो, मग बोलतो."

सपाट रस्त्यावर मी एकटा चक्कर मारून आलो. ब्रेक, स्टिअरिंग, गिअर, सगळं चोख. परत आलो तर ताई कोट घालून उभ्या. "विकत मी घेणार, आवाज तुम्ही ऐकणार, हे कसं चालेल?"

अमेरिकन गाडी, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. इथे आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे चालवणारा बसतो कुंपणाला लागून, आणि समोर ट्रॅक्टर आला तर पलीकडचं काहीच दिसत नाही. दिसतं ते उजवीकडे बसलेल्याला. मी ताईंना म्हटलं, "डोळे तुम्ही. मोकळं असेल तर सांगा."

पहिल्याच वळणानंतर मेंढ्यांचं खत नेणारा ट्रॅक्टर लागला. ताईंनी काच खाली केली, मान बाहेर काढली. "थांबा… थांबा… लाल गाडी येऊन राहिली… गेली! मोकळा! हाणा!"

मी हाणलं. ते इंजिन जे बोललं ते मी लिहून दाखवू शकत नाही. आवाज कानात येत नाही, आधी सीटमधून पाठीत शिरतो, मग छातीत. टेकड्या दोन्ही बाजूंनी मागे पळाल्या. ताई ओरडत होत्या, शब्द नव्हते त्यात, नुसतं "आऽऽ!" आणि मीही ओरडत होतो. इतकी वर्षं तपासनीसाचं तोंड करून गाड्या चालवल्या. त्या दिवशी ते तोंड कुठे गेलं कोण जाणे.

मग घाट उतरायला लागला. पहिल्या वळणाला ब्रेक दाबला, गाडी मऊ थांबत आली. दुसऱ्याला जरा जास्त दाबावा लागला. तिसऱ्याला पायाखाली पेडल दगडासारखं घट्ट, आणि गाडी ऐकेना. वळण समोरून चालत येत होतं. मी गिअरचा दांडा खाली ओढला, इंजिन डरकाळी फोडून आडवं आलं, वेग तुटला, आणि एका शेताच्या फाटकासमोरच्या गवतात गाडी कशीबशी उभी राहिली. चाकांतून धूर आणि ब्रेकच्या जळक्या पट्ट्यांचा वास.

ताईंनी दोन्ही पाय पुढे रोवलेले होते, तिकडे ब्रेक नसतानाही.

"गेले का ब्रेक?"

"गेले नाहीत, ताई. दमले."

मी खाली उतरलो, चाकाआड वाकून पाहिलं. पुढचे ब्रेक ड्रमचे, कारखान्यातून आलेले. लहान इंजिनासाठी बसवलेले ते ब्रेक आता मोठ्या इंजिनाला आवरत होते. सपाटीवर जमायचं, घाटात तापले की हात टेकायचे. सांगाडा सोडला तर आख्ख्या गाडीत मूळचं म्हणावं असं तेवढंच राहिलं होतं.

हळूहळू, खालच्या गिअरमध्ये परत आलो. डंकनने चहा ठेवला होता. मी विचारलं, "सगळं बदललंत, मग ब्रेक का नाही?"

त्याने कप खाली ठेवला. मग गोठ्याच्या कोपऱ्यातल्या ताडपत्रीखालून एक खोका ओढून आणला. आत पुढच्या चाकांचे डिस्क ब्रेक, नवे कोरे, तेलकट कागदात गुंडाळलेले.

"आणले होते बसवायला," तो म्हणाला. "पण प्रदर्शनात लोक हसायचे. इंजिन खोटं, गिअर खोटा, रंग खोटा. म्हटलं, एक तरी गोष्ट खरी ठेवू. कुणी विचारलं तर दाखवायला."

  कुसुमताई एडिनबराच्या वॉर्डात मुरलेल्या इंग्रजीत त्याला म्हणाल्या, "डंकन, थिएटरमध्ये आम्ही सांधा बदलायचो ना, तेव्हा जुनं हाड दाखवायला शिल्लक नाही ठेवायचो."

तो खोऽ खोऽ हसला. "बरोबर आहे, हेन." स्कॉटलंडमध्ये मायेने बाईला असं कोंबडी म्हणतात; ताईंना आयुष्यभर रोग्यांनी तशीच हाक मारली होती.

मी त्या दोघांसमोर राहुलला फोन लावला. "आज माझं उत्तर नाही असं आहे," मी म्हणालो. कुसुमताईंचा चेहरा दगड झाला. दिलेला शब्द त्या मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. "पण कारण ऐक. नंबर जुळत नाहीत म्हणून नाही. एक मूळ गोष्ट, पुढचे ब्रेक, शिल्लक आहे म्हणून. ती बदलली की मी पुन्हा येईन, त्याच घाटात चालवीन, आणि तेव्हा उत्तर वेगळं असू शकेल. तू पण ये."

"काका, रिसेल व्हॅल्यू—"

"विकणार कोण आहे?" ताई फोनच्या दिशेने ओरडल्या.

डंकनने ब्रेक स्वतःच बसवले, नळ्या आणि मास्टर सिलिंडरसकट. मी गेलो त्या दिवशी राहुलही लंडनहून ट्रेनने आला होता. चेहऱ्यावर 'नाही' तयार. मी एकटा गाडी घेऊन त्या घाटात गेलो. उतरलो, वर आलो, पुन्हा उतरलो. तेच वळण आलं, ब्रेक दाबला, गाडी नाक वाकवून थांबली. पुन्हा दाबला, पुन्हा थांबली. गाडी फाटकाशी उभी करून मी उतरलो आणि खरं सांगतो, त्या निर्जन रस्त्यावर एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. एक मेंढी बघत होती.

परत आलो. सगळे अंगणात उभे.

"ताई, घ्या."

त्यांनी काही न बोलता माझ्या हातातून किल्ली घेतली. डाव्या बाजूला जाऊन बसल्या, आरसा लावला, पट्टा लावला. डोळे म्हणून शेजारी बसायला मी उजवीकडच्या दाराशी गेलो. आत राहुल बसलेला होता.

"तू?" मी म्हणालो.

"ती एकटी कशी जाणार? त्या साइडने तिला काही दिसत नाही," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "जस्ट सेफ्टी आहे, काका."

गाडी सुरू झाली तशा डंकनच्या कोंबड्या पळाल्या. ताई सावकाश फाटकाबाहेर गेल्या. लगेच समोर तोच ट्रॅक्टर, तसाच भरलेला. निळी गाडी त्याच्यामागे रांगत राहिली. मग उजवीकडची काच खाली गेली, राहुलचं डोकं बाहेर आलं, वाऱ्याने त्याचे नीट भांग पाडलेले केस उभे राहिले, आणि टेकडीवर आवाज घुमला, "मम्मी, रस्ता मोकळी आहे! जा! जा ना!"

आणि त्या गेल्या. आवाज आधी गोठ्याच्या पत्र्यात वाजला, मग आमच्या पायांखालच्या जमिनीत. पुष्कळ वेळ तो वर चढत राहिला. डंकन टोपी हातात घेऊन ऐकत होता.

त्या परत आल्या तेव्हा राहुलचा घसा बसला होता. काही विचारलं की नुसता हसायचा. ताई उतरल्या, गुडघ्यांवर हात ठेवून ताठ झाल्या, आणि मी सवयीने बॉनेटवर तळहात ठेवला. चटका बसला.

"आता काय तपासता जी?" ताई म्हणाल्या.

"काही नाही," मी म्हणालो, आणि हात तसाच ठेवला.